काकू म्हणजे मासा

मेळघाटातल्या एका जोडवर्गातलं चित्रपुस्तकांचं वर्ष

शाळा धारणी तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, दुशिक्षकी. तिसरी-चौथी मुख्याध्यापिका मॅडमकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. ज्या वर्षाबद्दल लिहितोय त्या वर्षी माझ्या जोडवर्गाचा पट २७ होता. पहिलीत १४, दुसरीत १३. सगळी मुलं कोरकू. घरात कोरकू, आठवडी बाजारात हिंदी, आणि मराठी फक्त शाळेच्या चार भिंतींत. मी अकोल्याकडचा, घरची बोली वऱ्हाडी. म्हणजे पुस्तकातली मराठी माझ्याही तोंडात जरा इस्त्री करूनच येते.

कोरकू ही मराठीची बोली आहे असं अनेकांना वाटतं. रुजू झालो तेव्हा मलाही वाटायचं. ती मुंडा गटातली भाषा. संथाळी, मुंडारी या तिच्या बहिणी, आणि हे सगळं गोत ऑस्ट्रो-आशियाई कुळातलं. मराठीशी तिचं शेजारपण आहे, रक्ताचं नातं नाही. भाषाशास्त्राचा हा तपशील पहिलीच्या वर्गात काय कामाचा, असं कोणी विचारलं तर पुढे कळेल.

पुस्तकं होती. ती नव्हती म्हणून अडलं असं अजिबात नाही. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, त्यातून आलेली थोडी, कोणी भेट दिलेली थोडी. नॅशनल बुक ट्रस्टची होती, प्रथम बुक्सची पातळ रंगीत पुस्तकं होती, ज्योत्स्ना प्रकाशनाची चार-पाच होती. सगळी लोखंडी कपाटात, साठा नोंदवहीच्या क्रमांकासकट. किल्ली माझ्याकडे. नोंदवहीत पुस्तक एकदा चढलं की ते खुर्ची, घंटा आणि वजनकाट्याच्या रांगेत बसतं. फाटलं की उत्तर द्या, हरवलं की भरून द्या. त्यामुळे दोन वर्षं ती पुस्तकं कोरी करकरीत राहिली आणि कोणी पाहुणे आले की टेबलावर पंख्यासारखी मांडली जायची. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाही, माझ्याच हातून होत होतं.

कपाट उघडलं ते मोठ्या विचारानं नव्हे. आमच्याकडे विदर्भात शाळा जूनअखेर सुरू होते. पहिले दोन आठवडे पहिलीची मुलं रडण्यात आणि पळून जाण्यात जातात. जुलैतल्या एका दिवशी पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जाईना. म्हणून पुस्तकं काढली. निदान बघत तरी बसतील.

पाऊस कमी झाल्यावर मी त्यातलं एक पुस्तक हातात धरून वर्गासमोर उभा राहिलो. तळ्याकाठी गळ टाकून बसलेला मुलगा, पाण्यात मोठा केशरी मासा. माशावर बोट ठेवून विचारलं, "हे काय आहे?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "काकू!"

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना मी पहिल्या दिवसापासून काकू म्हणतो. वऱ्हाडात कोणत्याही मोठ्या बाईला म्हणतात तसं. मला वाटलं, खिचडीची वेळ झाली म्हणून पोरांचं लक्ष तिकडे गेलं. मी म्हणालो, "काकू नाही रे. मासा. म्हणा, मासा." त्यांनी म्हटलं, "मासा." पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा विचारलं. अर्धे म्हणाले मासा, अर्धे काकू, आणि मागची दोघं तोंड दाबून हसायला लागली. मी रागावलो. मग कोणीच काही म्हणालं नाही.

खिचडी वाढताना काकूंना मी तक्रारीच्या सुरात सांगितलं, चित्रातल्या माशाला पोरं तुमचं नाव घेतात. त्यांनी डाव खाली ठेवला आणि पोट धरून हसल्या. "सर, हमारे में काकू मतलब मछली. दो साल से आप मेरे को मछलीच बुला रहे."

ही गोष्ट मी नंतर शिक्षण परिषदेत विनोद म्हणून सांगितली आणि सगळे हसले. विनोद आहेच. पण त्या दिवशी घरी जाताना गाडीवर मला वेगळंच टोचत होतं. चित्र बघून सत्तावीस मुलांनी बरोबर उत्तर दिलं होतं. मी ते चूक ठरवलं, बरोबर उत्तर पाठ करून घेतलं, आणि शेवटी वर्ग गप्प केला. सगळं मिळून पाच मिनिटांत. असं मी दोन वर्षांत किती वेळा केलं असेल?

आता मुळात मी काय विचारत होतो तेही सांगितलं पाहिजे, कारण भाषा कळली असती तरी तो तास वायाच जाणार होता. हे काय आहे? हे काय आहे? चेंडूचा रंग कोणता? झाडं किती? चित्रपुस्तक हातात घेऊन मी पोलीस पाटलासारखा पंचनामा करत होतो. शिक्षणतज्ज्ञ कृष्णकुमार यांनी १९८६ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या भाषेवरच्या एका छोट्या पुस्तिकेत चित्रावर बोलण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: चित्रात शोधणं, कारण लावणं, आपण त्या पात्राच्या जागी आहोत अशी कल्पना करणं, पुढे काय होईल याचा अंदाज करणं, आणि आपल्या आयुष्यातलं काही आठवणं. माझे सगळे प्रश्न पहिल्या पायरीवरच फेऱ्या मारत होते. तेही मराठीत.

मग मी विचारायचं बंद केलं. दुसऱ्या आठवड्यापासून पुस्तकं कपाटातून निघाली आणि खिडकीच्या गजांमध्ये बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकली. हात पोचेल इतक्या उंचीवर. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास ज्यानं त्यानं हवं ते घ्यायचं. मी वर्गात फिरायचो, कानावर पडेल ते वहीत टिपायचो. कोरकू फार कळत नव्हती, पण हिंदी बरीच मिसळायची आणि उरलेलं कोणीतरी सांगायचं.

या टिपणांनी माझा एक मोठा गैरसमज घालवला. चित्र म्हणजे सोपं, चित्र कोणालाही कळतं, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. पहिलीतली एक मुलगी पुस्तक घेऊन आली आणि काळजीनं म्हणाली, "सर, इसका पैर किधर गया?" चित्रात हत्ती पानाच्या कडेला अर्धा कापला गेला होता. आपल्याला तो पानाबाहेर उरलेला दिसतो. तिला तो जखमी दिसत होता. दुसऱ्या एका पुस्तकात लांबच्या डोंगरावर लहान काढलेली म्हैस होती, तिला सगळे पारडू म्हणत होते. धावणाऱ्या मुलामागे वेग दाखवणाऱ्या तीन रेघा होत्या. त्या गवत ठरल्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, एकच मुलगी पहिल्या पानावर झोपलेली, दुसऱ्यावर दात घासतेय, तिसऱ्यावर शाळेत निघालीय, हे पहिलीतल्या बऱ्याच जणांच्या लेखी तीन वेगळ्या मुली होत्या. घरात छापील चित्रांचं पुस्तक कधी आलंच नाही, तर पान उलटलं की वेळ पुढे सरकते हे कळणार कुठून? हा संकेत आहे. तो शिकावा लागतो, अक्षरासारखाच.

मग मी तेवढंच शिकवलं. फ्रॉकवरचे ठिपके बघ, ही तीच आहे का? खिडकीच्या चौकटीतून बाहेर बघायला लावलं: झाडाची फांदी चौकटीपाशी संपली, मग झाड तुटलं का? त्यावर ती हत्तीवाली मुलगी उठून बाहेर गेली, झाड बघून आली आणि हत्तीचं पुस्तक परत घेऊन बसली. माझ्या नोकरीतला एवढा यशस्वी पाठ दुसरा आठवत नाही, आणि त्याचं टाचण मी काढलेलं नव्हतं.

जोडपानाच्या मधल्या घडीत पात्र अडकलं की मुलं गोंधळतात, हेही तेव्हाच लक्षात आलं. पुस्तक निवडताना तेव्हापासून मी घडीकडे बघतो. आणि शहराकडे. लिफ्ट, फ्रीज, समुद्र, बेकरी असलेली पुस्तकं वाईट नसतात, पण सुरुवातीला ती बाजूला ठेवली. नवीन संकेत आणि नवीन जग दोन्ही एकदम कशाला!

काकू या सगळ्यात कशा आल्या ते सांगतो. कपाटात शब्द नसलेलं एक पुस्तक होतं. दाराशी बांधलेली शेळी, रात्रीचा पाऊस, सकाळी तुटलेलं दावं, मग शोधाशोध. आठ जोडपानं. मी ते चार मिनिटांत संपवलं होतं. शब्द नाहीत म्हणजे वाचायला काय आहे? एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, काकू चूल पेटायची वाट बघत दारात बसल्या होत्या आणि पोरांनी ते पुस्तक त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. काकूंना वाचता येत नाही. अंगठा देतात. त्यांनी हात पुसले, पुस्तक उघडलं आणि कोरकूत बोलायला लागल्या.

चाळीस मिनिटं लागली. आठ जोडपानांना चाळीस मिनिटं. शेळीला नाव मिळालं. ती कुणाच्या घरची यावर वाद झाला, तिला बोलावण्याचे आवाज झाले. सकाळच्या पानावर काकू थांबल्या, दाव्याच्या टोकावर बोट ठेवून काहीतरी म्हणाल्या, आणि सगळी पोरं पानावर ओणवी झाली. मी विचारलं, काय झालं? दुसरीतला एक जण म्हणाला, "सर, रस्सी टूटी नहीं. चूहे ने काटी." दाव्याचं टोक चित्रकारानं कुरतडल्यासारखं काढलं होतं. पोरांनी मागची पानं उलटली. रात्रीच्या पानावर, गोठ्याच्या कोपऱ्यात, काळ्यावर करड्या रंगात एक उंदीर होता. तो मला कधी दिसलाच नव्हता.

साक्षर माणूस पान उघडलं की शब्द शोधतो. शब्द सापडले की चित्राकडे पाहुण्यासारखा बघतो, आणि शब्द नसले की पान उलटतो. काकूंकडे शब्दांचा रस्ताच नव्हता, म्हणून त्या चित्रात थांबल्या. याचा अर्थ अडाणी असणं बरं असा कोणी काढू नये. काकू स्वतः तो कधीच काढणार नाहीत. त्यांची मुलगी दहावीला आहे आणि तिला त्या भांड्यांना हात लावू देत नाहीत.

पुढे हा शनिवारचा परिपाठच झाला. प्रत्येक वेळी जमलं असं नाही. एकदा काकूंनी एका पुस्तकाची गोष्ट दुसऱ्या खेपेला पार बदलून टाकली. बहुतेक कंटाळल्या असाव्यात. तेव्हा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "इसमें ऐसा नहीं है," आणि पान काढून दाखवलं. पुरावा देऊन वाद घालणं हे आमच्या वर्गात त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. आणि या कामाचे काकूंना काय मिळायचं? काहीच नाही. स्वयंपाकी-मदतनिसाच्या मानधनात गोष्ट सांगण्याचं शीर्षक नसतं.

सप्टेंबरात आम्ही आमचं पुस्तक केलं. कारण साधं होतं: २७ मुलांना १६ पानी लहान पुस्तक मागून दिसत नाही, पुढची दिसू देत नाहीत, आणि मारामारी होते. न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे यांनी १९७९ साली मोठ्या आकाराच्या पुस्तकातून सगळ्या वर्गानं एकत्र वाचायची पद्धत मांडली होती. आम्हाला ती मारामारी मिटवायला लागली. धारणीतल्या खतांच्या दुकानातून मागच्या वर्षांच्या मोठ्या भिंतीवरच्या दिनदर्शिका आणल्या, त्यांची मागची कोरी बाजू घेतली, सुतळीनं शिवली.

गोष्ट कोणती, यावर चर्चाच झाली नाही. नाव मुलांनी आधीच ठरवलं होतं: 'काकू आणि काकू'. काकू सिपना नदीला मिळणाऱ्या नाल्यावर मासे धरायला जातात. मोठी काकू छोट्या काकूला धरते. छोटी काकू निसटते. पुन्हा धरते, पुन्हा निसटते. मग कुत्रा येतो, मग कोंबडी येते. कोंबडीचं नाल्यावर काय काम ते मी विचारलं नाही. शेवटी मोठी काकू पाण्यात पडते आणि छोटी काकू काठावरून बघते. हा शेवट पहिलीतल्या एका अगदी गप्प पोरानं सुचवला. त्यानं सांगितला नाही, काढला. पाण्यात फक्त दोन पाय आणि एक डाव. मासे धरायला डाव कोण नेतं? पण त्या डावामुळे ते पाय कुणाचे हे कळतं. त्याला ते कळलेलं होतं.

चित्रं मुलांची, मजकूर त्यांनी सांगितलेला, लिहिलेला मी. प्रत्येक पानावर दोन ओळी: वर कोरकू, खाली मराठी. देवनागरीतच. कोरकू ओळ काकूंच्या मुलीनं तपासली आणि माझ्या सहा चुका काढल्या.

इथं भाषाशास्त्राचा तो तपशील कामाला आला. आपल्याकडे वाचन शिकवायची जुनी सवय अशी की आधी बिनमात्रेची अक्षरं: कमळ, बदक, गवत. काना-मात्रा नंतर, उकार त्याहून नंतर. मराठीत बिनमात्रेचे शब्द भरपूर सापडतात म्हणून ते चालून जातं. पण मुलांना या पुस्तकातले जे शब्द वाचायचे होते ते होते काकू, सिम, सिटा, डा. आणि पुढच्या पुस्तकासाठी कुला. म्हणजे अनुक्रमे मासा, कोंबडी, कुत्रा, पाणी, वाघ. एकही बिनमात्रेचा नाही. शेजारच्या नदीचं नाव सिपना, म्हणजे कोरकूत सागवान, तेही मात्रेवाचून होत नाही. कमळ वाचून होईपर्यंत वाघाला दिवाळीपर्यंत थांबवणं शक्य नव्हतं. म्हणून थोडी अक्षरं आणि त्यांच्यासोबत दोन-तीन स्वरचिन्हं असा छोटा गट पहिल्यापासून घेतला: क, स, म, ल, ट, काना, वेलांटी, उकार. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड पुढं ढकलली. अक्षरगटांची ही कल्पना माझी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी आणि पुढे पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळच्या सोनाळ्यातल्या क्वेस्ट संस्थेनं वाचन शिकवण्यावर जे काम केलं, त्यातून ती आमच्यापर्यंत पोचली. आम्ही फक्त गटातली अक्षरं आमच्या शब्दांप्रमाणे निवडली.

'काकू' हा शब्द तर सोन्यासारखा. दोन अक्षरं, एकच व्यंजन, आणि कोणत्याही भाषेत वाचा, अर्थ आहेच. पहिलीतल्या नऊ जणांनी आयुष्यात पहिला शब्द वाचला तो हा.

ऑक्टोबरात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, आले. मी मोठ्या उत्साहानं दुसरीतल्या एका मुलीला 'काकू आणि काकू' वाचायला उभं केलं. तिनं पुस्तक टेकवलं, बोट ठेवलं आणि खणखणीत वाचलं. सरांनी मान डोलावली. तिनं पान उलटलं, घाईत दोन पानं एकदम उलटली गेली, आणि ती न थांबता मधल्या पानाची ओळ म्हणत राहिली. चित्रात कोंबडी, तोंडात कुत्रा. सर म्हणाले, "गुरुजी, पाठ आहे हिचं." पाठ होतंच. मी तिच्या बाजूनं काहीतरी पुटपुटलो आणि चहा मागवला.

राग आला होता, पण ते बरोबर होते, आणि त्यांनी ते नीट सांगितलं याचं मला आज बरं वाटतं. चित्रपुस्तकांबद्दल बोलताना आपण ज्या गोष्टीवर पांघरूण घालतो ती हीच आहे. मूल पुस्तक हातात धरतं, पानं उलटतं, गोष्ट म्हणतं, हसतं. फोटो छान येतो. हा टप्पा खोटा नाही. पुस्तकात गोष्ट असते, ती डावीकडून उजवीकडे जाते, तेच पान तेच बोलतं, हे सगळं त्यात शिकून होतं. पण ते वाचन नव्हे, आणि आपोआप वाचनात बदलतही नाही. निदान माझ्या वर्गात बदललं नाही.

शिवाय मी एक चूक नियमित करत होतो. मूल शब्दावर अडलं की म्हणायचो, "चित्र बघ." चित्र बघून ते बरोबर शब्द म्हणायचं आणि मी शाबास म्हणायचो. मग त्यानं अक्षराकडे बघावंच कशाला? आता माझं मत पक्कं आहे: गोष्ट समजायला चित्र, शब्द वाचायला अक्षर. अडलेल्या शब्दासाठी चित्राकडे पाठवणं म्हणजे त्याला उत्तरसूची देणं. काही तज्ज्ञांना हे पटत नाही. त्यांनी जरूर आमच्याकडे यावं, खिचडी चांगली असते.

नोव्हेंबरपासून पुस्तकाभोवतीचं काम बदललं. प्रत्येक पानाची ओळ जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर लिहिली. आधी पट्टी वाचायची, मग ती कोणत्या पानाची ते शोधायचं. मग पट्टी कातरीनं शब्दांत कापायची आणि शब्दांची वेगळीच वाक्यं करायची. 'कुत्रा काकूला धरतो.' 'कोंबडी पाण्यात पडते.' ही वाक्यं पाठ असणं शक्यच नव्हतं आणि वाचून झाल्यावर हसू यायचं, म्हणजे अर्थ कळला हे मला वेगळं विचारावं लागायचं नाही. तपासण्याची याहून चांगली युक्ती मला अजून मिळालेली नाही. रोज वीस मिनिटं हे, आणि दुपारचा अर्धा तास दोरीवरची पुस्तकं, त्यात मी ढवळाढवळ करायची नाही. हिंदी कानावर असल्यामुळे एनसीईआरटीची 'बरखा' मालिकाही मागवली. चार स्तर, ४० छोट्या पुस्तिका. त्या मी फक्त मोठ्यानं वाचून दाखवायचो. मराठी शाळेत हिंदी का, असं मॅडमनी एकदा विचारलं. मग दारात उभं राहून त्यांनी दोन पुस्तिका ऐकल्या आणि तिसरीच्या वर्गासाठी मागून नेल्या.

ज्याबद्दल मला काहीच करता आलं नाही तेही लिहायला हवं. दिवाळीनंतर कामासाठी कुटुंबं खाली उतरतात, कोणी सोंगणीला, कोणी वीटभट्टीवर. पटावरची पाच मुलं नोव्हेंबरपासून दिसेनाशी झाली. त्यात तो डावाचं चित्र काढणारा मुलगा होता. पुस्तकं बरोबर द्यावीत असं मनात आलं होतं. नोंदवही आठवली आणि दिली नाहीत. होळीला सगळे परत येतात. कोरकूंचा तो वर्षाचा सण, पोरं फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी, मागत रस्त्यावर असतात. तो मुलगाही आला. वर्गात आल्यावर सरळ मोठ्या पुस्तकाकडे गेला, शेवटचं पान काढलं, बघितलं, मिटलं. पट्ट्या मात्र त्याला एकही वाचता आली नाही. बाकीचे वाचत होते आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता. निदान ती पुस्तकं तरी मी द्यायला हवी होती.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं लक्ष्य आहे. एप्रिलमध्ये, कधी न पाहिलेल्या सोप्या मराठी मजकुरावर, माझ्या दुसरीतल्या १३ पैकी ७ जण समजून वाचत होते. वेग मोजला तर त्यातले चारच त्या आकड्यात बसले. चौघं सुटे शब्द वाचत होते. दोघं अक्षरांवरच होते, ती दोघं नोव्हेंबर ते मार्च गावात नव्हती. पहिलीतल्या १४ पैकी नऊ जण शिकवलेल्या गटातल्या अक्षरांचे नवे शब्द वाचत होते. यातलं किती चित्रपुस्तकांमुळे आणि किती पट्ट्यांमुळे हे मला वेगळं काढता येत नाही, कारण मी दोन्ही एकत्रच केलं. मागच्या दोन वर्षांपेक्षा बरं होतं एवढं सांगतो, आणि त्या दोन वर्षांच्या नोंदी मी धड ठेवल्या नव्हत्या हेही सांगतो.

वहीतली एक नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात बसत नाही म्हणून इथं देतो. मार्चमधली आहे. दोरीवरून तेच तळ्याचं पुस्तक काढून दुसरीतली दोन मुलं वाचत होती. खाली छापलं होतं 'मासा'. एक म्हणाला, "मा... सा. मासा." दुसरा चित्राकडे बघून म्हणाला, "काकू." पहिल्यानं शब्दावर बोट आपटलं: "लिखा मासा है." मग चित्रावर बोट ठेवलं: "है काकू." आणि पान उलटलं.

वर्ष संपताना साठा पडताळणी झाली. मॅडम नोंदवही घेऊन बसल्या, मी पुस्तकं एकेक समोर ठेवत गेलो. ६४ पैकी दोन सापडली नाहीत. ११ फाटलेली, त्यातली सात चिकटपट्टीच्याही पलीकडे गेलेली. शेळीच्या पुस्तकाचं सकाळचं पान दाव्याच्या टोकापाशी भोक पडून आरपार गेलं होतं. सगळ्यांची बोटं तिथंच पडायची. मॅडमनी ते उजेडात धरून त्यातून माझ्याकडे बघितलं. मग निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याच्या, प्रस्तावात सात क्रमांक लिहिले आणि कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबवून विचारलं, "काय लिहू? वाळवी?"

मी म्हणालो, "वापरून जीर्ण, असं लिहा."

'काकू आणि काकू' नोंदवहीत नव्हतंच, त्यामुळे त्याची पडताळणी झाली नाही. ते सुट्टीत काकू घरी घेऊन गेल्या.